एमिलचा जनक : एरिख केस्टनर

आगगाडीत डुलकी लागलेल्या एका मुलाच्या खिशातून पैसे जातात आणि बर्लिनमधली पोरे एकजुटीने चोराला घेरतात. एवढ्याशा कथानकावर एरिख केस्टनर या जर्मन लेखकाने १९२९ साली 'एमिल आणि गुप्तहेर' ही कादंबरी लिहिली. ती वाचताना हसू आवरत नाही. पण चोरीला गेलेले १४० मार्क ही चेष्टेची गोष्ट नव्हे. ते एमिलच्या आईने लोकांचे केस धुऊन मिळवलेले असतात.

केस्टनरचा जन्म २३ फेब्रुवारी १८९९ रोजी ड्रेस्डेन शहरात झाला. त्याचे स्वतःचे पूर्ण नाव एमिल एरिख. वडील चामड्याचे काम करणारे कारागीर, मिळकत बेताची. मुलाला शिकवायचे म्हणून आई, इडा, केशरचनेचे काम शिकली. एकदा एका तरुणीने लग्नघरच्या बायकांचे केस करायचे आहेत असे सांगून तिला खोट्या पत्त्यावर नेले आणि फसवले. पुढे ती बाई एरिखला रस्त्यात दिसली. त्याने तिचा माग काढीत ती नोकरी करी ते दुकान गाठले आणि आईची भरपाई मिळवली! पण याच आईला अधूनमधून निराशेचे झटके येत. ती चिठ्ठी लिहून घराबाहेर पडे आणि हा पोर तिला शोधीत एल्ब नदीच्या पुलांवरून धावत सुटे. कादंबरीतल्या एमिलला वडील नाहीत. केस्टनरचे तर हयात होते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यावर जरूर विचार करावा.

१९१७ साली तो सैन्यात भरती झाला. तिथल्या निर्दय कवायतीने त्याला हृदयविकार जडला आणि लष्करशाहीविषयीची चीडही. लाइपझिगला डॉक्टरेट घेऊन तो बर्लिनला आला. मुलांसाठी लिहा, असा आग्रह प्रकाशिका एडिट याकोबझोन हिने धरला आणि एमिल जन्मला. त्यातला उलगडा पाहा : पैसे हरवू नयेत म्हणून एमिलने नोटा टाचणीने अस्तराला टोचून ठेवलेल्या असतात. चोर बँकेत नोटा बदलायला जातो आणि टाचणीची भोके त्याला पकडून देतात. शेरलॉक होम्सचे बुद्धिवैभव इथे नाही. काळजीवाहू पोराची एक टाचणी आहे.

१० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली. आपली पुस्तके जळताना केस्टनर गर्दीत उभा राहून पाहत होता. लहानथोरांचा लाडका 'एमिल' तेवढा सुरुवातीला वाचला. अनेक लेखकांनी देश सोडला, हा राहिला. आईला सोडवेना हे एक, आणि घडेल ते डोळ्यांनी पाहून त्यावर मोठी कादंबरी लिहावी हे दुसरे. गेस्टापोने त्याला दोनदा पकडले. तरीही १९४३ च्या 'म्युनखहाउझेन' या सरकारी कृपेच्या चित्रपटाची कथा त्याने टोपणनावाने लिहिली. त्याचे चाहते हा प्रसंग घाईने उरकतात; मला ते पटत नाही. ती मोठी कादंबरी त्याच्या हातून कधीच झाली नाही.

१९६० साली त्याला बालसाहित्याचे हान्स अँडरसन पदक मिळाले. २९ जुलै १९७४ रोजी म्यूनिक येथे तो वारला.

कादंबरीत डीन्स्टाग नावाचा एक छोटा मुलगा आहे. सगळे चोरामागे धावतात तेव्हा हा निरोप घ्यायला घरी टेलिफोनपाशी बसून राहतो. गंमत त्याच्या वाट्याला येत नाही, पण तो जागा सोडत नाही. १९३१ च्या चित्रपटात ही भूमिका करणारा हान्स ल्योर हा मुलगा केस्टनरचा पत्रमित्र होता. तो पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून मारला गेला.