शिलालेखांचे थोर वाचक : पंडित भगवानलाल इंद्रजी

भारताच्या प्राचीन इतिहासावरील जी पुस्तके आज शाळा-महाविद्यालयांतून अभ्यासली जातात, त्यांच्या पायाशी कितीतरी अज्ञात परिश्रम गाडलेले आहेत. कलिंग देशाचा जैनधर्मी सम्राट खारवेल याचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. व्याख्यानांतून, स्मरणिकांतून, नाट्यप्रवेशांतून त्याचे गुणगान होते. परंतु सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हे नाव कोणासही ठाऊक नव्हते. ते शिळेवर कोरलेले होते, पण वाचता येत नव्हते. ते प्रथम वाचून जगापुढे ठेवणारी व्यक्ती जैन नव्हती, कोणत्याही विद्यापीठाची पदवीधर नव्हती आणि इंग्रजीतून ग्रंथलेखन करणारीही नव्हती. त्या व्यक्तीचे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी.

भगवानलालजींचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी सौराष्ट्रातील जुनागढ येथे एका नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. घराण्यात वैद्यकीची परंपरा होती. संस्कृताचे व आयुर्वेदाचे शिक्षण त्यांना जुन्या पद्धतीने घरीच मिळाले. जुनागढ म्हणजे गिरनारचा पायथा. भगवान नेमिनाथांच्या निर्वाणाने पावन झालेले तीर्थक्षेत्र. गावातून गिरनारकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाच्या १४ धर्माज्ञा, क्षत्रप राजा रुद्रदामन्‌चा इ. स. १५० चा लेख आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा लेख असे तीन राजवटींचे लेख आहेत. हजारो यात्रेकरू या शिळेजवळून जात, परंतु ती अक्षरे म्हणजे काय, याचा विचार फारसा कोणी करीत नसे.

बालवयातील भगवानलालजींना मात्र या अक्षरांनी वेड लावले. जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला होता. त्याने तयार केलेला अक्षरांचा तक्ता १८५४ च्या सुमारास या मुलाच्या हाती आला. तक्ता हाती घेऊन त्याने शिळेपुढे बैठक मांडली. एकेक अक्षर ताडून पाहावे, न जुळल्यास पुन्हा पाहावे, असा अभ्यास त्याने गुरूवाचून चालविला. रुद्रदामन्‌च्या लेखात सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध प्रजेवर कर किंवा वेठबिगार न लादता राजाने स्वतःच्या खजिन्यातून दुरुस्त केल्याची हकीकत आहे. अशी हकीकत दगडातून उलगडताना त्या तरुण मनाला केवढा आनंद झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

रासमाला या गुजरातच्या इतिहासग्रंथाचे कर्ते अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांनी या तरुणाची योग्यता ओळखली. त्यांच्या शिफारशीने १८६१-६२ च्या सुमारास मुंबईचे सुप्रसिद्ध डॉक्टर, समाजसेवक व प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांनी भगवानलालजींना मुंबईस बोलावून घेतले. तेथून पुढे सुमारे १२ वर्षे हा गुरुशिष्यसंबंध अखंड राहिला. अजिंठा, नाशिक, कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथील लेण्यांत दिवसचे दिवस घालवून भगवानलालजी लेखांचे ठसे व नकला घेत. त्या आधारे डॉ. भाऊ दाजी निबंध लिहून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत वाचीत. निबंध डॉक्टरांच्या नावे प्रसिद्ध होत. उन्हातान्हात शिडीवर उभे राहून अक्षरे टिपणाऱ्याचे नाव फारसे पुढे येत नसे. तथापि भगवानलालजींच्या मनात त्याबद्दल कधी किल्मिष राहिले नाही. गुरूविषयीची त्यांची निष्ठा अखेरपर्यंत टिकली.

महाराष्ट्राच्या इतिहासावर तर त्यांचे विशेष ऋण आहे. कल्याणहून जुन्नरकडे जाणाऱ्या पुरातन व्यापारी मार्गावर नाणेघाटाची लेणी आहेत. तेथे सातवाहन राजघराण्याचा मोठा लेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे व नाणी यांच्या संख्या अंकांत कोरल्या आहेत. हे अंक आजच्यासारखे नव्हेत. त्यांत शून्य नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना निरनिराळी चिन्हे आहेत. ही चिन्हे भगवानलालजींनी चिकाटीने उकलली. त्यासाठी त्यांना जैनांच्या जुन्या ताडपत्री पोथ्यांचा उपयोग झाला, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. त्या पोथ्यांच्या पानांवर पृष्ठांक अक्षरांच्या रूपाने लिहिण्याची प्रथा होती. पोथीतील अक्षरांक आणि शिळेवरील अंक यांचा मेळ घालून त्यांनी १८७७ साली इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात प्राचीन नागरी अंकांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्ञानभांडारांतून श्रावकांनी श्रद्धेने जतन केलेली पोथी केवळ धर्मज्ञानच नव्हे, तर गणिताचा इतिहासही सांगते, हे त्यातून सिद्ध झाले.

पुढे भगवानलालजींनी उत्तर भारताचा दीर्घ प्रवास केला. मथुरा, प्रयाग, काशी, बिहार, ओरिसा आणि नेपाळ असा तो प्रवास होता. रेल्वेचे जाळे अपुरे, रस्ते कच्चे, हाती पैसा बेताचा. मथुरेत १८६९ साली शीतलादेवीच्या एका लहान देवस्थानाच्या पायऱ्यांत बसविलेला सिंहशीर्ष असलेला दगड त्यांच्या दृष्टीस पडला. त्यावर सर्वत्र खरोष्ठी लिपीत लेख कोरलेला होता. मथुरेच्या शक क्षत्रपांच्या इतिहासाचे हे एक प्रमुख साधन होय.

१८७४ साली डॉ. भाऊ दाजी दिवंगत झाले आणि भगवानलालजींचा आधारवड कोसळला. परंतु त्यांनी कार्य सोडले नाही. डॉ. जॉर्ज ब्यूलर यांच्यासारखा जैन साहित्याचा मर्मज्ञ जर्मन विद्वान त्यांच्या पाठीशी उभा राहिला. भगवानलालजी आपले निबंध गुजरातीत लिहीत. नेपाळच्या शिलालेखांवरील त्यांचा निबंध ब्यूलर यांनी स्वतः इंग्रजीत भाषांतरित करून १८८० मध्ये लेखकाच्या नावाने प्रसिद्ध केला. १८८१ साली जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी या दोघांच्या नावे पश्चिम भारतातील लेणीमंदिरांच्या शिलालेखांचा ग्रंथ प्रकाशित झाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नाशिकच्या पांडवलेण्यांचे जे सविस्तर वर्णन आहे, तेही त्यांच्याच परिश्रमाचे फळ आहे.

१८८२ साली त्यांनी प्राचीन शूर्पारक म्हणजे आजच्या सोपारा येथे उत्खनन केले. गावकरी ज्या टेकाडास बुरुड राजाचा कोट म्हणत, तो वस्तुतः बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तीत एकात एक ठेवलेले निरनिराळ्या धातूंचे व स्फटिकाचे करंडक, सोन्याची फुले आणि आठ लहान बुद्धमूर्ती मिळाल्या. तेथेच अशोकाच्या आठव्या धर्माज्ञेचा एक तुटलेला तुकडाही त्यांना सापडला. कोकणच्या या बंदराची प्राचीनता त्यामुळे निर्विवाद झाली.

आता त्यांच्या जीवनातील ज्या कार्यामुळे जैन समाज त्यांचा कायमचा ऋणी आहे, त्याकडे वळू. ओरिसातील भुवनेश्वरजवळ उदयगिरी व खंडगिरी या जोडटेकड्या आहेत. उदयगिरीवरील हाथीगुंफेच्या कपाळावर १७ ओळींचा मोठा शिलालेख आहे. सुमारे २,००० वर्षे ऊन, वारा व पाऊस यांनी त्याची अनेक अक्षरे झिजवून टाकली आहेत. प्रिन्सेपने १८३७ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले, परंतु ते सदोष होते. राजाचे नाव ऐर असावे असे मानले गेले. ही लेणी बौद्धांची आहेत, असाच त्या काळच्या बहुतेक विद्वानांचा समज होता. त्या काळी युरोपात काही पंडित जैन धर्म हा बौद्ध धर्माची शाखा होय, असेही प्रतिपादन करीत असत. अशा परिस्थितीत एका शिलालेखाच्या अचूक वाचनाला केवढे मोल होते, हे सहज लक्षात येईल.

भगवानलालजींनी लेखाची प्रत्यक्ष नक्कल घेऊन तो अक्षरशः नव्याने वाचला. राजाचे खरे नाव खारवेल आहे, हे त्यांनी प्रथम दाखवून दिले. लेखाचा आरंभ अर्हंतांना व सर्व सिद्धांना केलेल्या नमस्काराने होतो, म्हणजे तो जैन राजाचा लेख आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. नेदरलँड्स देशातील लायडेन येथे १८८३ साली भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी हा निबंध तयार केला आणि तो १८८५ मध्ये परिषदेच्या ग्रंथात छापला गेला. वादळाने पडलेले नगरीचे तट व दरवाजे पहिल्याच वर्षी दुरुस्त करणारा, नंद राजाने खोदविलेला कालवा नगरीपर्यंत आणणारा, सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य पाठविणारा, नंद राजाने नेलेली कलिंग-जिनाची प्रतिमा मगधातून परत आणणारा आणि कुमारी पर्वतावर अर्हंतांसाठी लेणी कोरविणारा सम्राट खारवेल पुढील विद्वानांच्या वाचनांतून अधिकाधिक स्पष्ट होत गेला. त्या वाचनाचे दार भगवानलालजींनी उघडले. सातवाहनांचा नाणेघाट आणि कलिंगाची हाथीगुंफा या दोन्ही ठिकाणचे लेख एकाच पुरुषाने अभ्यासावे, हाही एक योगच म्हणावा लागेल.

याच निबंधात त्यांनी मथुरेच्या एका जैन आयागपटाचा लेखही प्रसिद्ध केला. लोणशोभिका नावाच्या गणिकेच्या वसु नामक कन्येने तो अर्पण केला होता. त्यावर स्तूपाची आकृती कोरलेली आहे. स्तूप फक्त बौद्धच उभारीत, हा समज त्यामुळे डळमळला. उत्तर प्रदेशातील कहाऊँ येथील स्कंदगुप्तकालीन स्तंभावर इ. स. ४६० चा लेख आहे. त्यातील पाच आदिकर्ते म्हणजे तीर्थंकरच होत, हेही भगवानलालजींनी १८८१ मध्ये सांगितले.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. हाथीगुंफेच्या लेखात त्यांना मौर्य संवताचे १६५ वे वर्ष दिसले आणि त्यावरून त्यांनी खारवेलचा काळ ठरविला. पुढील संशोधकांनी ते वाचन अमान्य केले. आज बहुसंख्य विद्वान खारवेलला इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास ठेवतात. पण ज्या वहीत एक आकडा चुकला, ती सारी वही खोटी ठरत नाही. खारवेल हे नाव व त्याचा जैनधर्म ही जमा बाजू आजही अबाधित आहे.

लायडेन विद्यापीठाने या पंडितास सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. विद्यापीठाची पायरी कधी न चढलेल्या माणसाच्या घरी विद्यापीठ चालत आले. मात्र हे वैभव त्यांना फार काळ भोगता आले नाही. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईत वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. आपला नाण्यांचा संग्रह व मथुरेचे सिंहशीर्ष त्यांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिले. हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. त्यांच्या गुरूंचा, भाऊ दाजींचा, हस्तलिखितसंग्रहही त्याच संस्थेत आहे. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरील त्यांचा निबंध रॅप्सन यांनी १८९० मध्ये प्रकाशित केला, सिंहशीर्षाचा लेख ब्यूलर यांनी १८९४ मध्ये संपादित केला आणि गुजरातचा प्राचीन इतिहास जॅक्सन यांनी पूर्ण करून १८९६ मध्ये गॅझेटियरमध्ये छापला. एका माणसाची अर्धी राहिलेली कामे पुरी करण्यास तीन विद्वान लागले, यातच त्यांची थोरवी दिसून येते. त्यांचे समग्र चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध होण्यास मात्र २०१२ साल उजाडावे लागले.

भगवानलालजींच्या जीवनापासून समाजाने काय घ्यावे? त्यांनी वाचलेली अक्षरे दोन हजार वर्षे टिकली, कारण कोणी ती पुसली नाहीत. आज जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या मंदिरांतील लेखांवर तैलरंग चढतो, कोरीव दगडावर संगमरवरी फरशी बसते, पबासनावरील व धातुमूर्तीच्या पाठीवरील संवत व दात्यांची नावे घासून घासून नाहीशी होतात. भावना शुद्ध असते, पण झालेली हानी भरून येत नाही. काम काढण्यापूर्वी प्रत्येक लेखाचे छायाचित्र व ठसा घेऊन तो जाणकाराकडून वाचून घेण्याची शिस्त प्रत्येक मंदिराच्या विश्वस्तांनी पाळली, तर पुढच्या पिढीला आपल्या पूर्वजांची नावे कळतील. न वाचलेल्या एखाद्या ओळीत कोणता खारवेल दडलेला असेल, हे कोण सांगू शकेल?

जैन नसतानाही जैन इतिहासाचे एक हरवलेले पान ज्यांनी आपल्या हाती परत दिले, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!