नातेगावचे चिंतामणराव

महाडहून रायगडाकडे जाताना नाते गाव लागते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म इथलाच, १८९६ सालचा. आय.सी.एस. होऊन त्यांनी इंग्रजांची चाकरी केली, १९४४ साली ‘सर’ झाले. माझ्या मनात त्याचीच अढी होती. पुढे फाळणीचे प्रकरण वाचले. जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान, दोघांचीही मध्यवर्ती बँक होती आणि तिचे गव्हर्नर चिंतामणराव! काश्मीरात लढाई जुंपलेली, पंचावन्न कोटींचा वाद पेटलेला, आणि एकाच खुर्चीतून दोन धन्यांचे हिशेब राखायचे. (आमच्याकडे दोन भावांची वाटणीसुद्धा धड होत नाही.) ती खुर्ची त्यांनी सोडली नाही. १९५६ मध्ये मात्र मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचे ठरताच त्यांनी केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडले. तेव्हा ते आमच्या कुलाब्याचेच खासदार होते.