अंकपाश उलगडणारे भास्कराचार्य

वसई, प्रतिनिधी

वसई, नालासोपारा किंवा विरार स्थानकाबाहेर संध्याकाळी लोकलची गर्दी ओसरते आणि लॉटरीच्या दुकानासमोर कागदावर आकड्यांची जुळवाजुळव करणारी मंडळी दिसू लागतात. आवडते आठ-दहा आकडे घ्यायचे, ते वेगवेगळ्या तिकिटांवर ठराविक पद्धतीने फिरवायचे आणि निदान एक तिकीट तरी लागेल अशी आशा धरायची. जगभर 'व्हीलिंग सिस्टिम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चक्रमांडणीमागचे गणित परदेशातून आले, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात अशा मांडणीची मोजदाद कशी करावी, हे सह्याद्रीच्या कुशीतील एका पंडिताने साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी श्लोकबद्ध करून ठेवले होते. ते पंडित म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. स्वतःचे जन्मवर्ष, गोत्र आणि गाव यांची नोंद त्यांनीच ग्रंथात केली आहे. गोत्र शांडिल्य, गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी त्यांच्या घराण्याचा सर्वांत भक्कम पुरावा जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात सापडला. त्या काळी आपल्या सोपाऱ्यावर उत्तर कोकणच्या शिलाहारांची सत्ता होती आणि देशावर यादवांचा उदय होत होता.

ज्योतिषाची विद्या त्यांना घरातच मिळाली. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर, ११८३ च्या सुमारास, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला.

'लीलावती' ही अंकगणिताची पोथी असली तरी तिची भाषा रसाळ आहे. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय या सहा रसांपासून किती प्रकारची चव तयार करता येईल, असे त्यांनी विचारले. एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशा क्रमाने ६, १५, २०, १५, ६ आणि १ मिळून उत्तर येते ६३. ग्रंथाच्या अखेरीस 'अंकपाश' हे प्रकरण आहे. दहा हातांच्या शंभूने आपली दहा आयुधे हात बदलून धरली, तर मूर्तीची रूपे किती होतील? उत्तर आहे ३६,२८,८००. चार हातांच्या हरीची रूपे मात्र २४ च.

निवडीचा त्यांचा नियम शाळकरी मुलालाही समजावा इतका सुटसुटीत आहे. उतरत्या क्रमाचे अंक वर मांडावेत, चढत्या क्रमाचे खाली, आणि भागत-गुणत जावे. हाच नियम ४९ आकड्यांतून ६ निवडण्याच्या खेळाला लावला, तर एकूण १,३९,८३,८१६ जोड्या निघतात. म्हणजे एका तिकिटाला पहिल्या बक्षिसाची संधी जवळजवळ एक कोटी चाळीस लाखांत एक.

आता चक्रमांडणी पाहू. कोणी नऊ आकडे निवडले, तर त्यांतून सहा-सहांची ८४ तिकिटे होतात. एवढा खर्च नको म्हणून नऊ आकड्यांचे तीन-तीनांचे गट करावेत आणि पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, दुसरा-तिसरा असे गट जोडून तीनच तिकिटे घ्यावीत. सोडतीचे सहाही आकडे या नऊंत असतील, तर ज्या गटात सर्वांत कमी आकडे आले तो वगळलेल्या तिकिटावर किमान चार आकडे जुळतातच. ही हमी खोटी नाही. परंतु ती ज्या अटीवर उभी आहे, ती अट पूर्ण होण्याची शक्यता १,६६,४७४ त एक आहे. तीन तिकिटे कशीही भरली तरी पहिल्या बक्षिसाची संधी तीन तिकिटांइतकीच राहते. मांडणी बदलते, नशीब बदलत नाही. रोजंदारीतले पैसे या कागदावर लावणाऱ्याने भास्कराचार्यांचा नियम एकदा स्वतः करून पाहावा.

चक्र हा शब्द भास्कराचार्यांच्या गणितातही आहे, पण त्याचा लॉटरीशी संबंध नाही. पूर्वसूरींकडून आलेली 'चक्रवाल' पद्धत त्यांनी पूर्णत्वास नेली. एका वर्गाच्या ६१ पटीत एक मिळवून पुन्हा पूर्ण वर्ग यावा, या प्रश्नाचे त्यांनी काढलेले सर्वांत लहान उत्तर १,७६,६३,१९,०४९ या प्रचंड संख्येचा वर्ग आहे. हाच प्रश्न फर्मा याने युरोपातील गणितींपुढे ठेवला तो १६५७ मध्ये.

लीलावती ही त्यांची कन्या, घटिकापात्रात मोती पडून तिचा विवाहमुहूर्त चुकला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. खुद्द भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिला आधार नाही. लीलावतीची थोरवी मात्र आख्यायिकेवर अवलंबून राहिली नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, तर १८१७ मध्ये कोलब्रुकच्या इंग्रजी भाषांतराने ती युरोपात पोहोचली.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण येथे मठ स्थापला. इ.स. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला निकुंभ घराण्याकडून दान मिळाले. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या लेखाचा काही भाग मराठीत असून, पाटणच्या बाजारातील खरेदी-विक्रीतून मठाला काय द्यावे, हे त्यात नमूद आहे.

आठशे वर्षांपूर्वी बाजारातल्या उलाढालीचा एक वाटा गणित शिकवण्यासाठी बाजूला काढला जात होता. आज स्थानकाबाहेरच्या बाजारात आकड्यांवर पैसे लागतात, पण ते आकडे मोजण्याची विद्या मागे पडली आहे. अंकपाश म्हणजे अंकांचा फास. तो कसा सोडवावा, हे भास्कराचार्य सांगून गेले आहेत.