विश्लेषण : वारशाच्या संपत्तीलाही ठेव मानणारे वर्ध्याचे जमनालाल बजाज कोण होते?

विश्वासाने सोपवलेल्या पैशांचा अपहार झाल्याच्या बातम्या नेहमी येतात. कधी पतसंस्था, कधी देवस्थान, तर कधी भागीदारीचा धंदा. वर्ध्यातील एका व्यापाऱ्याने मात्र वारशाने मिळालेली संपत्तीही दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळली.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत दोन वेगळे गुन्हे आहेत. दुसऱ्याची जंगम मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरल्यास कलम ३१४ नुसार सहा महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंड होतो. मालमत्ता विश्वासाने सोपवलेली असेल, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग ठरतो. त्यासाठी कलम ३१६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लोकसेवक, बँकचालक, व्यापारी किंवा एजंट यांनी त्या नात्याने हा गुन्हा केल्यास जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. दोन्ही गुन्ह्यांत अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो.

जमनालाल वर्ध्यात कसे आले?

४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या गावी त्यांचा जन्म झाला. वर्ध्याचे धनिक व्यापारी सेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. शिक्षण बेताचे झाले, पण पेढीचे व्यवहार त्यांनी लवकर आत्मसात केले.

संपत्तीवरचा हक्क का सोडला?

वयाच्या सतराव्या वर्षी एका लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबा आणि नातवात खटका उडाला. बच्छराज रागाच्या भरात पैशांवरून बोलले. जमनालाल यांनी संपत्तीवर आपला कोणताही हक्क नाही, असे मुद्रांक कागदावर लिहून दिले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडले. आजोबांनी समजूत घालून त्यांना परत आणले.

१९०७ मध्ये बच्छराज यांचे निधन झाले आणि सारी संपत्ती जमनालाल यांच्याकडे आली. तिचा उपभोग घेतला असता, तरी कोणी त्यांना गुन्हेगार ठरवले नसते. पण एकदा सोडलेली संपत्ती आपली कशी, हा प्रश्न त्यांना सुटेना. ती धर्मादाय कामासाठी आहे, असे मानून त्यांनी पुढे त्या वारशाहून कितीतरी अधिक रक्कम दान केली.

लोकांच्या पैशांशी संबंध कसा आला?

१९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनात ते स्वागताध्यक्ष होते. त्यानंतर त्यांच्याकडे पक्षाचे खजिनदारपद आले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी देशभरातून एक कोटी रुपये उभारायचे ठरले. वकिली सोडणाऱ्यांच्या मदतीसाठी जमनालाल यांनी स्वतःचे एक लाख रुपये दिले. त्याच काळात सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवीही त्यांनी परत केली.

वर्ध्याला काय मिळाले?

१९२८ मध्ये घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी दलितांसाठी खुले केले. सनातन्यांचा विरोध होता, तरी ते मागे हटले नाहीत. सेगावची मालगुजारी त्यांच्याकडे होती. तेथे १९३६ मध्ये महात्मा गांधी राहायला आले आणि पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले.

विश्वस्त सिद्धांत म्हणजे काय?

श्रीमंतांनी गरजेपुरते घ्यावे आणि उरलेली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, असे गांधीजींचे मत होते. त्याचे जवळचे उदाहरण म्हणून ते जमनालाल यांच्याकडे पाहत. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात जमनालाल यांचे निधन झाले. त्यानंतर पत्नी जानकीदेवी यांनी स्वतःला गोसेवेला वाहून घेतले.

मर्यादा कोणती?

हा सिद्धांत मालकाच्या सद्सद्विवेकावर उभा आहे. तो पाळला नाही, तर शिक्षा नाही. त्यामुळे ठेवीदाराचा पैसा केवळ चांगुलपणावर सोडता येत नाही. त्यासाठी हिशेब, लेखापरीक्षण आणि कायदा लागतो. मात्र कायदा येतो तो बहुतेकदा पैसा गेल्यानंतर. त्याआधी उपयोगी पडते ती पैसा हाताळणाऱ्याची नियत.