दोन गोलांचा हिशेब

फलंदाजाच्या धावा मोजल्या जातात, गोलंदाजाचे बळी मोजले जातात, आणि आघाडीवर खेळणाऱ्याचे गोल तर शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतात. गोलरक्षकाच्या वाट्याला असे भाग्य नाही. त्याने जे घडू दिले नाही ते कोणत्याही वहीत चढत नाही. वहीत चढते ते त्याच्या हातून निसटलेले. ब्रह्मानंद शंखवाळकरांना गोलासमोर उभे पाहिलेल्या गोमंतकीयांना हे निराळे सांगावयास नको. फुटबॉलवेड्या गोव्यालाही आपल्या या गोलरक्षकाला अर्जुन पुरस्कार मिळालेला पाहण्यासाठी १९९७ सालापर्यंत वाट पाहावी लागली. परंतु आज आम्हांस स्मरण करावयाचे आहे ते त्यांच्याही आधीच्या आणि निराळ्या खेळातल्या एका गोलरक्षकाचे. ध्यानचंदांचे नाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. पण ध्यानचंद प्रतिपक्षावर गोलांचा वर्षाव करीत असता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आपले घर कोण सांभाळीत होते, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे निघतील.

त्यांचे नाव रिचर्ड जेम्स अ‍ॅलन. जन्म नागपूरचा, ४ जून १९०२ चा. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते आणि मुंबईकडून येणारी जी. आय. पी. व कलकत्त्याकडून येणारी बंगाल-नागपूर या दोन मोठ्या रेल्वे तेथे मिळत. रेल्वे, तारखाते, जकात आणि बंदर या खात्यांच्या आधाराने जगणारा अँग्लो-इंडियन समाज अशा गावांतून वसलेला असे. सुरतेच्या वाचकांना बलसाडची जुनी रेल्वे वसाहत आठवली तर या समाजाच्या राहणीची कल्पना येईल. संस्था, चर्च, नाचघर आणि हॉकीचे मैदान एवढ्यात त्यांचे जग सामावलेले असे. अ‍ॅलन यांचे शिक्षण मसुरीच्या ओक ग्रोव्ह शाळेत आणि नैनितालच्या सेंट जोसेफ विद्यालयात झाले, आणि पुढे ते बंगालच्या संघातून खेळू लागले.

भारतीय हॉकी महासंघ १९२५ साली ग्वाल्हेरला स्थापन झाला होता. ऑलिंपिकसाठी संघ निवडावयाचा म्हणून १९२८ च्या आरंभी कलकत्त्यास आंतरप्रांतीय स्पर्धा भरली. तिच्यात मध्य प्रांताचाही संघ होता. पण नागपूरचा हा सुपुत्र निवडला गेला तो बंगालचा म्हणून. १० मार्च १९२८ रोजी 'कैसर-इ-हिंद' या आगबोटीने संघ मुंबईहून निघाला. त्याला निरोप देण्यास धक्क्यावर अवघे तीन जण हजर होते. त्यांतले दोघे महासंघाचे पदाधिकारी आणि तिसरा पत्रकार! निघालेल्या संघात अर्ध्याहून अधिक खेळाडू अँग्लो-इंडियन होते, ही गोष्ट आज कोणी सहसा सांगत नाही.

अ‍ॅमस्टरडॅमला जे घडले ते आकड्यांतच सांगणे बरे. १७ मे रोजी ऑस्ट्रियावर सहा गोल, दुसऱ्या दिवशी बेल्जियमवर नऊ, मग डेन्मार्कवर पाच, स्वित्झर्लंडवर सहा, आणि २६ मे रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंडवर तीन. एकूण २९ गोल, त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. आणि अ‍ॅलन यांच्या बाजूला? शून्य. पाच सामन्यांत एकही चेंडू त्यांच्या जाळ्यात गेला नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी ध्यानचंद तापाने फणफणले होते, फिरोजखानांच्या गळपट्टीचे हाड मोडलेले होते, शौकत अलीही आजारी होते आणि कर्णधार जयपालसिंह आधीच संघ सोडून गेले होते. आपली आघाडी अशी खिळखिळी झालेली असताना, घरच्या प्रेक्षकांच्या गजरात चढाई करणाऱ्या डचांना एकही गोल मिळाला नाही, याचे श्रेय बचावफळीला आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या या माणसाला दिले पाहिजे.

फुटबॉलच्या गोलरक्षकाला चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच चौकट राखावी लागते. हॉकीची चौकट बारा फूट रुंद आणि सात फूट उंच, म्हणजे बरीच आटोपशीर. परंतु फुटबॉलवाला चेंडू झेलून छातीशी धरू शकतो. हॉकीत चेंडू हातात धरून ठेवण्यास बंदी. तो अडवावयाचा आणि पायाने किंवा काठीने लगेच दूर करावयाचा. चेंडू दगडासारखा कठीण. आजचा गोलरक्षक शिरस्त्राण, जाड छातीकवच आणि फोमचे रुंद पॅड घालून चिलखती योद्ध्यासारखा उतरतो. अ‍ॅलन यांच्या काळी क्रिकेटच्या धर्तीचे पॅड आणि हातमोजे एवढीच शस्त्रसामग्री होती, डोके उघडेच.

संघ मुंबईस परतला तेव्हा चित्र पालटले होते. निरोपाला तिघे, स्वागताला हजारोंचा समुदाय, आणि नगराच्या वतीने महापालिकेचे अध्यक्ष डॉ. गोपाळराव देशमुख जातीने हजर! यशाचे सोबती सर्व काळी असेच असतात.

यानंतर आली १९३२ ची लॉस एंजेलिसची स्पर्धा, आणि तिच्याबरोबर ती गोष्ट. जपानविरुद्धच्या सामन्यात आर्थर हिंड गोल राखीत होते, अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात अ‍ॅलन. ११ ऑगस्टच्या त्या सामन्यात भारताने चोवीस गोल केले. रूपसिंहांचे दहा, ध्यानचंदांचे आठ. ऑलिंपिकमधला तो विक्रम आजवर अबाधित आहे. अमेरिकेचा एकमेव गोल विल्यम बॉडिंग्टन यांनी केला, आणि त्या वेळी अ‍ॅलन गोलामागे जमलेल्या रसिकांना स्वाक्षऱ्या देण्यात गुंतले होते, असे सांगतात. गोष्ट गमतीची आहे, पण तिने अ‍ॅलन यांच्यावर अन्यायच केला आहे. अ‍ॅलन म्हटले की लोकांना स्वाक्षरी आठवते. अ‍ॅमस्टरडॅमचे शून्य आठवत नाही. शिवाय जो सामना सारा वेळ दुसऱ्याच टोकाला चालला आहे, त्यात एकट्याने तिष्ठत उभे राहणे ही काय शिक्षा असते, याचा विचार हसणाऱ्यांनी कधी केला आहे काय?

१९३६ साली बर्लिनला ते तिसऱ्यांदा गेले. तोवर जर्मनी चांगलाच तयार झाला होता. १७ जुलैच्या सराव सामन्यात त्याने भारतावर ४-१ अशी मात केली, आणि त्या धक्क्याने दारांना हिंदुस्थानातून विमानाने बोलावून घ्यावे लागले. मुख्य स्पर्धेत मात्र हंगेरी, अमेरिका, जपान आणि फ्रान्स यांपैकी कोणालाही भारतावर गोल करता आला नाही. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकलला गेला आणि १५ ऑगस्टला झाला. ती तारीख तेव्हा इतर तारखांसारखीच होती. सामन्यापूर्वी साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढला आणि संघाने त्याला वंदन केले. सरकारी बोधचिन्ह छातीवर लावून आलेला तो संघ. त्यात हिंदू, मुसलमान, शीख होते, तसे अँग्लो-इंडियनही होते. या समाजाने साहेबाची बाजू धरली असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. असे बोलणाऱ्यांनी बर्लिनची ती खोली ध्यानात ठेवावी.

मध्यंतराला भारत केवळ एका गोलाने पुढे होता, म्हणजे अर्धा सामनाभर अ‍ॅलन यांची एखादी चूकही डाव उलटवू शकली असती. उत्तरार्धात ध्यानचंदांनी बूट बदलले आणि निकाल ८-१ असा लागला. जर्मनीचा गोल कुर्ट वाइस यांचा. बर्लिनमध्ये भारतावर झालेला हा एवढाच गोल. तीन ऑलिंपिक, तीन सुवर्णपदके, आणि अ‍ॅलन यांच्या खाती जमा असलेले गोल दोन: एक बॉडिंग्टनचा, एक वाइसचा.

त्यानंतर महायुद्धाने दोन ऑलिंपिक गिळली. स्वातंत्र्य आले आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागली. त्यांनी सोडलेली मैदाने भरून काढणे आपल्याला साधले नाही, असे आमचे मत आहे. या समाजासाठी लोकसभेत राखलेल्या दोन नामनिर्देशित जागाही २०२० च्या जानेवारीत संपुष्टात आल्या, आणि त्या संपल्याची फारशी चर्चाही झाली नाही.

अ‍ॅलन १९६९ साली वारले. त्याच्या आदल्या वर्षी मेक्सिकोत भारताला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यापर्यंत प्रथमच पोहोचता आले नव्हते. तेथे पहिल्याच सामन्यात न्यूझीलंडने भारताचा पराभव केला, आणि त्या एका दुपारी भारतावर दोन गोल झाले.