बाजरीच्या भाकरीचा तुकडा



आपण दर रविवारी एकाच वेदीभोवती जमतो आणि एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. या आठवड्यात अशा एका स्त्रीची आठवण करू या, जिने भूक पुस्तकात वाचली नव्हती, स्वतःच्या घरात पाहिली होती. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. मुलींनी संस्कृत शिकावे असे त्यांना वाटे. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत फिरे. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. होते-नव्हते ते विकून झाले, झाडपाल्यावर दिवस काढले. प्रथम वडील गेले, मग आई, पुढे थोरली बहीण. आई अखेरच्या आजारात अन्नासाठी तळमळत होती, तेव्हा तरुण रमाबाई शेजारच्या दारी गेल्या. मागायला तोंड उघडेना. कशीबशी बाजरीची जाडीभरडी भाकरी मिळाली, पण ती खाण्याचे बळ आईत उरले नव्हते.

पुढे रमाबाई भावासह देशभर पायी फिरल्या. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला. लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पतीचे निधन झाले. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या सहवासात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या कॅथलिक नव्हत्या; पण प्रभूची पाऊले कोठे उमटली हे पाहताना आपण कुंपणे मोजू नयेत.

ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई शाकाहारीच राहिल्या. परदेशी ताटात काय नको हे त्या नम्रपणे पण ठामपणे सांगत. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, तेव्हा हिंदू मुलींना त्यांच्या रीतीने स्वयंपाक करू दिला. येथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे 1893 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तेथे गेल्या. भुकेल्या मुलींना अन्नाचे आमिष दाखवून पळवणारे लोकही तेथे वावरत होते. त्यांनी सुमारे 300 मुली व स्त्रिया आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला स्वतःच्या शेतावर त्यांना आसरा दिला. तेच मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. विहिरी खोदल्या, धान्य-भाजीपाला पिकवला. विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू झाला. आलेली बाई काही काळाने स्वतःच्या हाताने कमावू लागे. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

येथे एक अवघड प्रश्न आहे, तो झाकून चालणार नाही. त्यांनी अन्न देऊन धर्म दिला, असा आरोप त्यांच्यावर तेव्हाही झाला. 1893 मध्ये शारदा सदनाच्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो म्हणून सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या काळचा न्याय करणे मला जमणार नाही. पण एक गोष्ट आपल्याला लागू आहे. भुकेलेला मनुष्य नाही म्हणू शकत नाही. म्हणून त्याच्या ताटात ठेवलेल्या अन्नाला कोणतीही अट असता कामा नये. प्रभूने लोकसमुदायाला जेवू घातले तेव्हा आधी कोणाचा विश्वास तपासला नाही.

दुसरी गोष्ट न्यायाची. त्या दुष्काळांत देशात धान्य अजिबात नव्हते असे नाही. दक्षिणेत माणसे मरत असताना बंदरांतून धान्य परदेशी जात होते. काम गेले, भाव वाढले आणि गरिबाच्या हाती विकत घ्यायला पैसा उरला नाही. म्हणून भूक हा केवळ दयेचा विषय नाही. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण पोटभर जेवत आणि काही उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने तो प्रभूच्या देहाचाच अपमान मानला.

आपण रत्नागिरीकर. उपवासकाळातील शुक्रवारी मटण वर्ज्य, म्हणून सुरमई आणतो आणि उपवास झाला असे समजतो! मासे सोडा असे मी म्हणत नाही. पण ती मासळी मिरकरवाड्याला आणणारा परमुलखातला खलाशी आणि आपल्या हापूसच्या बागा राखणारा नेपाळी गडी काय जेवतो, त्याला मजुरी वेळेवर मिळते का, हे आपण विचारतो का? लग्नाच्या जेवणावळीत ताटात टाकलेला भात कोणाच्या घामाचा होता?

या आठवड्यात प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्यात. आपल्याकडे राबणाऱ्याची मजुरी थकली असेल तर ती आधी द्यावी. आणि एका जेवणाला अशा माणसाला आपल्याच पंगतीत बसवावे, ज्याला आपण एरवी मागच्या दारी वाढतो. रमाबाईंच्या आईला भाकरी मिळाली, पण उशिरा. आपल्या दारी कोणाला उशीर होऊ नये.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू