कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

लोखंडी नांगर म्हटले की महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना किर्लोस्कर हे नाव आठवते. त्या नावामागे दोन भावांचे एक लहानसे दुकान होते.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म दि. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईस गेले. परंतु डोळ्यांना रंगांतील फरक नीट कळेना, म्हणून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

सन १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात व थोरले बंधू रामुअण्णांनी त्या विकाव्यात, असा क्रम होता. पुढे नोकरीत डावलले गेल्यामुळे लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावास आले. तेथे कडबा कापण्याचे यंत्र व त्यानंतर लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा त्या काळी समज होता. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली, तरी दोघा भावांनी धीर सोडला नाही.

धंद्याचा जम बसत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास सांगितले. कारखाना न्यावा कोठे, हा मोठाच प्रश्न पडला. त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध येथील देवीच्या मंदिरापुढील सभामंडपाचे काम होते. त्यांची अडचण समजताच औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. माळ निवडुंगाने भरलेला व सापांचा होता. भाऊ, मुलेबाळे, कामगार सर्वांनी मिळून तो साफ केला, आधी तात्पुरते निवारे उभारले आणि सन १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळाले.

या वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम विश्वासाने दिले. दि. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. सन १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

देवीच्या सभामंडपाचे काम करणाऱ्या या कर्त्या पुरुषाने उजाड माळावर शेकडो संसार उभे केले. मंदिर असो वा कारखाना, वास्तू उभी राहते ती अनेकांच्या हातांनी व एकमेकांवरील विश्वासाने, हेच त्यांच्या चरित्रातून शिकावयाचे आहे. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.